अरिष्टा, छत्री घेतली का?

अक्का, जाता जाता काय बोलून गेलीस गं तू! माणसानं शेवटचा शब्द तरी जरा बघून बोलावा. सारा जन्म एसटीत कंडक्टरकी केलीस. दारुड्याला कसं उतरवायचं, सुट्ट्यावरून भांडणाऱ्याला कसं गप करायचं, म्हाताऱ्या बाईला जागा कशी मिळवून द्यायची, हे सगळं तू नुसत्या तोंडावर निभावलंस. अन् शेवटी घर पाहुण्यांनी भरलेलं, उशाशी तुझी नणंद, पायाशी दाजी, लेक शीतल तुझा हात धरून बसलेली, अशा वेळी तू डोळे उघडलेस, बाकी सगळ्यांना सोडून माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "अरिष्टा, छत्री घेतली का?"

मी म्हणलं, "घेतली, अक्का."

त्यावर तू मान हलवलीस. दुपार कलायच्या आत तू गेलीस.

तुझ्या नणंदेनं, गंगापूरच्या वन्संनी, रडायच्या आधी सगळ्यांकडं बघून घेतलं. "ऐकलं का? मरताना माणूस खोटं बोलत नाय. कोण अरिष्ट होतं घरात, ते वहिनीनं सांगितलं." मी तिथंच तुझे पाय सरळ करत होते. अक्का, तुझ्या पायावरचा हात मी काढला नाही.

तो शब्द मला कसा लागतो ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आई-बापानं नाव ठेवलं मंगल. अन् लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला, तशी सासू म्हणाली पांढऱ्या पायाची. सिल्लोडच्या त्या घरात मला सकाळी कुणाच्या समोर यायची बंदी होती. कापूस विकायला निघालेला दीर मी दिसले की परत घरात जाऊन पाणी पिऊन निघायचा. तुझी ड्यूटी तेव्हा जळगाव रोडच्या गाडीवर होती. एक दिवस गाडी सिल्लोड स्टँडवर उभी करून, खाकी साडीत, खांद्याला तिकिटांची बॅग तशीच लटकवून तू दारात आलीस. सासू म्हणाली, "नेतीस खरी, पण पाय बघ हिचे. पांढरे हायेत."

"पायाचं मी बघते. चपला कुठं हायेत तिच्या, तेवढं सांगा."

एवढंच बोललीस. मला पुढच्या सीटवर बसवलंस. सगळी गाडी माझ्याकडं बघत होती आणि मी पदरात तोंड घालून रडत होते, मधूनच म्हणत होते की उतरव मला, मी जाते परत. तू माझा हात धरून वर दोरीला लावलास. "हे बघ मंगल. दोरी एकदा ओढली की गाडी थांबती. दोनदा ओढली की सुटती. थांबायचं का जायचं, तूच ठरव. लवकर, मला टायमाला पोचायचंय." मी दोनदा ओढली. ड्रायव्हर आरशात बघून बडबडला अन् गाडी सुटली.

त्यानंतर मुकुंदवाडीच्या तुझ्या घरात खिडकीपाशी माझं शिलाई मशीन आलं. ब्लाऊज, फॉल, पिको, शीतलच्या शाळेचे झगे. दाजी कंपनीतून येताना माझ्यासाठी दोऱ्याची रिळं आणायचे. शीतल बालवाडीतून कॉलेजात गेली, तेवढा काळ मी तिथं होते आणि कुणाचं काही वाईट झालं नाही. पण तुझ्या पोटात गाठ निघाली अन् वन्संना एकदम आठवण झाली. "ही घरात आली अन् वहिनीला गाठ झाली." तू ऐकलंस आणि म्हणालीस, "वन्सं, बस सुटून वीस गावं मागं पडली, आता तिकीट विचारताय व्हय?" मी आत चहा करत होते. मला हसू आलं नाही.

इथल्या डॉक्टरांनी आपल्याला मद्रासला धाडलं. दाजींना एवढी सुट्टी नव्हती, म्हणून मी निघाले तुझ्यासोबत. तिथलं ऊन बघून मला वाटलं की आपल्या उन्हाळ्याला उगीच नावं ठेवतो आपण. तू मात्र आजारपण विसरून तिथल्या बसचे कंडक्टर बघत बसायचीस. "बघ की, शिट्टी मारून गाडी सोडतोय. दोरी नाय, घंटी नाय. अन् स्वतः बसलाय, पॅसेंजर उभं." रिपोर्ट यायला वेळ होता, लॉजच्या खोलीत पंखा नुसता गरम हवा ढकलायचा. मग एक दिवस तूच म्हणालीस, "पलीकडं टॉकीज हाय. एसी असंल. चल, थंडीत बसू."

पिक्चर तमिळ. आपल्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण काय पिक्चर होता गं! केळीचा टेम्पो चालवणारा एक ढेरपोट्या, आणि त्याच्या मागं मागं पांढऱ्या लुंगीतला, पिवळी छत्री घेतलेला एक बुटका. तो बुटका फक्त त्या ढेरपोट्यालाच दिसायचा. त्यानं छत्री मिटली की काहीतरी घडलंच. टेम्पो पंक्चर. मांडव कोसळला. ढेरपोट्या नवरदेवाच्या कपड्यात विहिरीत. टॉकीज हसून लोळत होतं, अन् बुटक्याकडं बोट दाखवून ढेरपोट्या एकच शब्द ओरडायचा, अदिर्ष्टम का अदिष्टम असं काहीतरी. तू माझ्या कानाशी आलीस. "अरिष्ट म्हणायलाय तो. अरिष्ट मागं लागलंय त्याच्या."

"तमिळमधी अरिष्ट कसं असंल?"

"का नसंल? अण्णा आपला, अक्का आपली, मघापासनं ऐकायलीस ना? मंग अरिष्ट बी आपलंच."

इंटरव्हलच्या आधी ढेरपोट्यानं त्या बुटक्याला छत्रीसकट समुद्रात ढकललं. तेव्हा तू हसली नाहीस. दिवे लागले तर तू पोट धरून बसली होतीस. म्हणालीस, "चल, कळ आली." आपण निघालो आणि दुसरा अर्धा पिक्चर राहिला तो राहिलाच.

पुढं काय झालं असंल, यावर आपण किती भांडलो! तू म्हणायचीस, "सुटला असंल बिचारा. समुद्रात ढकलल्यावर कुठं परत येतंय?" मी म्हणायचे, "अरिष्ट बुडालं तर उरलेला अर्धा पिक्चर काय दाखवतील?"

"लग्न दाखवतील."

ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरनंसुद्धा तू मला म्हणालीस, "बुडालंच असंल बघ." तेव्हा मला कळलं की तू पिक्चरचं बोलत नव्हतीस. पण मी बी हट्टाची. "परत येतं ते," असं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं मी. म्हणलं, "व्हय अक्का, बुडालं."

त्या आधीची गोष्ट राहिली. पिक्चरच्या दुसऱ्या दिवशी लॉजवरून दवाखान्यात जाताना मी तुझ्या डोक्यावर काळी छत्री धरून मागं चालत होते. औषधांनी तुला ऊन सोसत नव्हतं. तू मागं वळून बघितलंस अन् रस्त्यातच उभी राहिलीस. "अगं बाई! हे तर माझ्या मागंच हाय. अरिष्टा, नीट धर, ऊन लागायलंय."

मी छत्री खाली घेतली. "अक्का, दुसरं काय बी म्हण. हे नको."

"का? लई लागलं?"

"तुला ठाऊक नाय का?"

"ठाऊक हाय म्हणून तर म्हणते. लोकांनी म्हणलं की तू मान खाली घालतीस. मी रोज म्हणीन, मंग तुला सवय होईल, अन् एक दिवस त्या शब्दाला तूच हसशील. हा माझा हुकूम समज." आणि रोज म्हणायला लागलीस. अरिष्टा, पाणी दे. अरिष्टा, माझी वेणी घाल. मला हसू येत नव्हतं, अक्का. शेवटपर्यंत आलं नाही. तुझ्या प्रेमाची तऱ्हाच तशी, आधी जखमेवर मीठ चोळायचं आणि मग विचारायचं की आता बरं वाटतंय का.

लॉजच्या खाली खाणावळ होती. तिथल्या म्हातारीला सगळे पाटी म्हणायचे. आपण दोघी हसायचो की हिच्या डोक्यावर पाटी तर नाही, मग पाटी कशी? पाटी म्हणजे आजी, हे मागनं कळलं. ऑपरेशननंतर मी तुला धरून जिन्यानं उतरवत होते, तू वैतागून ओरडलीस, "अरिष्टा, हळू!" पाटीनं ते ऐकलं. तिचा चेहरा असा उजळला की बस. पुढं आली, माझी हनुवटी धरली, "अदिर्ष्टम, अदिर्ष्टम" म्हणत राहिली, तुझ्याकडं बोट, माझ्याकडं बोट, अन् मग माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

मी खोलीत येऊन थयथयाट केला. "आता परमुलखातली म्हातारी बी मला अरिष्ट म्हणायली! अन् अरिष्ट म्हणून वर दृष्ट काढती, ही कुठली रीत?"

तुला टाके होते, हसायची चोरी. पोटाला उशी दाबून तू हसलीस. "तिकडं अरिष्टाची बी दृष्ट काढत असतील."

ते तुझं शेवटचं मोकळं हसणं. घरी आल्यावर गाठ परत आली, अन् सगळं त्याच वाटेनं गेलं, तेच रिपोर्ट, तेच डोळे झाकून पडणं. तुझी हाक तेवढी तीच राहिली. शेजारच्या बायकासुद्धा ऐकायच्या अन् एकमेकींकडं बघायच्या.

दहाव्याला कायगावला गोदावरीवर गेलो. पिंड ठेवला अन् कावळा शिवेना. झाडावर बसलेत, पण खाली एकही येईना. दाजी म्हणाले शीतलचं लग्न चांगल्या घरी करीन. नाही आला. वन्सं म्हणाल्या दाजींना जपू. नाही आला. मग वन्सं माझ्याकडं वळल्या, "अरिष्ट डोळ्यापुढं उभं असल्यावर ती कशी येईल? बाजूला हो गं." मी जीपच्या मागं जाऊन उभी राहिले. अन् अक्का, कावळा आला. लगेच आला. सगळे "शिवला, शिवला" म्हणाले, ते मी टायरकडं बघत ऐकलं. तुझा इतका राग आला मला. भुकेची होतीस तर जरा आधी यायचं होतंस, मी समोर असताना.

मी सांगून बघितलं. पिक्चर, छत्री, बुटका. वन्सं म्हणाल्या, "मेल्या माणसाच्या शब्दावर पिक्चरच्या गोष्टी सांगती, काय बाई हाय!" तेरावं झाल्यावर दाजी चहाचा कप घेऊन माझ्या मशीनपाशी आले. "मंगल, थोडे दिवस कन्नडला भावाकडं जाऊन ये. शीतलला स्थळं बघायचीत. गंगापूरच्या ताईच्या मनात किंतू हाय." थोडे दिवस म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मशीन मागनं जीपनं पाठवतो म्हणाले, तेव्हा मला थोडे दिवस किती ते कळलं. लेकराचे सगळे झगे मी शिवले, लग्नाचा ब्लाऊज तेवढा दुसरीनं शिवायचा.

शीतलनं मात्र विचारलं. "मावशी, ते अरिष्टाचं नेमकं काय हाय? मम्मी तुला तसं मनातनं म्हणणार नाय." मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. केळीचा टेम्पो, पिवळी छत्री असं काय काय टाकून तिनं मोबाइलवर पिक्चर शोधला. हिंदीत केलेला. दुपारी कापड कापायच्या टेबलावर रिळांच्या डब्याला मोबाइल टेकवून आम्ही बघायला बसलो. बुटका पहिल्यांदा आला, छातीवर हात ठेवून ढेरपोट्याला म्हणाला, "अबे, किस्मत हूँ मैं तेरी, किस्मत!"

"थांबव," मी म्हणलं. "काय म्हणला?"

"किस्मत."

"नाय. अरिष्ट म्हणतो तो."

शीतलनं भाषा बदलून परत तीच जागा लावली. तोच आवाज, तोच शब्द. अदिर्ष्टम. "हेच का गं मावशी?" मी मान हलवली. तिनं अर्थ शोधला, मोबाइल माझ्यापुढं धरला. नशीब. तमिळमध्ये नशिबाला अदिर्ष्टम म्हणतात. चांगल्या नशिबाला.

पाटी माझ्याकडं बोट दाखवून तुला सांगत होती, बाई, ही तुझं नशीब हाय. म्हणून बोटं मोडली तिनं. अन् आपण दोघी येड्या!

पुढचा अर्धा पिक्चर मी भिजल्या डोळ्यांनी बघितला. ऐक, तुझं-माझं भांडण मिटवून टाकते. तो समुद्रातनं परत येतो, मी म्हणले तसा. पाणी गळतंय, छत्री उलटी झालीय. मग ढेरपोट्याला कळतं की त्या मांडवात त्याचं लग्न लबाड घरात होणार होतं, विहिरीत पडला म्हणून टळलं. पंक्चर झालं म्हणून पुढचा पूल कोसळताना टेम्पो त्याच्यावर नव्हता. लग्नसुद्धा होतं, तू म्हणालीस तसं, पार शेवटी. पण त्याआधी बुटका रुसून रेल्वेत बसून निघतो अन् ढेरपोट्या त्याची छत्री घेऊन फलाटावर धापा टाकत पळतो.

एवढं चांगलं कळूनसुद्धा त्या दिवशी मी जेवले नाही. अक्का, नशीब डोक्यावर छत्री धरून मागं चालत असतानासुद्धा माणूस मरतं, हे त्या पिक्चरमध्ये कुठंच नव्हतं. मी धरली ना छत्री? हात भरून यायचा तरी धरली. मग मी कसलं नशीब?

संध्याकाळी शीतलनं दाजींना सगळं दाखवलं. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला अन् मला एकच विचारलं, "तिला ठाऊक होतं का, अर्थ?"

व्हय म्हणले असते तर तिथंच मिटलं असतं. पण तुझ्या नावावर खोटं कसं बोलू? तू भर गाडीत पॅसेंजरला खोटं बोलू दिलं नाहीस कधी. "नाय दाजी. तिला ते अरिष्टच वाटत होतं."

ते उठले. "मंग ताईला काय सांगू मी?" म्हणाले, अन् आत गेले. वाईट माणूस नाही गं तो. तू होतीस तोवर त्याला कधी काही ठरवावं लागलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन निघाले. शीतल आंघोळीला गेली होती, तेवढ्यात निघाले, नाहीतर पाय निघाला नसता. सेंट्रल स्टँडवर आले. तुझ्या गाडीच्या पाटीवर संभाजीनगर झालं तरी तू औरंगाबाद, औरंगाबाद ओरडायचीस, ते आठवून उगीच त्या फलाटाकडं बघितलं. कन्नडच्या गाडीत पुढची जागा मिळाली. कंडक्टर एक तरणी पोरगी, करड्या आवाजाची. तिनं दोनदा घंटी दिली. गाडी हलली, वळली, फाटकाकडं निघाली.

अन् मागनं आवाज आला. असा आवाज त्या स्टँडवर तुझ्यानंतर कुणी काढला नसंल. "ए अदिर्ष्टम! छत्री घेतली का?"

मी मागं वळून बघितलं. शीतल. ओले केस, पायात दोन तऱ्हेच्या चपला, हातात तुझी-माझी ती काळी छत्री. रिक्षांमधून, फळांच्या गाड्यांमधून पळत होती. परत ओरडली, "ए अदिर्ष्टम!" सगळी गाडी बघायला लागली. शेजारची बाई मला म्हणाली, "ती पोरगी कुणाला बोलवायलीय? काय म्हणती?"

अक्का, तुझी हाक होती ती. तुझाच आवाज, तुझंच बोलणं, फक्त अर्थ ठाऊक असलेली. मला तीच हवी होती, तुझ्या तोंडून. ती आता मिळायची नाही, कधीच नाही, हे मला तिथं त्या सीटवर पहिल्यांदा खरं वाटलं, अन् तू गेल्यापासून अडकलेलं रडू तिथं फुटलं.

"मला," मी त्या बाईला म्हणलं. "मलाच बोलावती."

मी उठले आणि वरची दोरी ओढली. एकदाच.

गाडी गचका देऊन थांबली. कंडक्टर पोरगी मागनं तणतणत आली, "ओ मावशी! दोरीला हात लावायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी खिडकीतनं शीतलकडं बोट केलं. "तिच्या आईनं."